स्टेशनवरची बाग: झाडांच्या यादीआधी ठरवायच्या गोष्टी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: स्टेशनच्या टोकाला, बंद पडलेल्या मालधक्क्याशेजारी साधारण ६० फूट लांब आणि १२ फूट रुंद पट्टी रिकामी पडून आहे. एकाच गाडीने रोज जाणारे तुम्ही दहा-बारा जण आहात. स्टेशन मास्तर तोंडी ‘करा की’ म्हणालेत. फुलपाखरं, पक्षी, मधमाश्या येतील अशी सगळ्यांची मिळून बाग करायची आहे, तर कुठली झाडं लावावीत?

झाडांची नावं खाली देतेच. पण गेली सतरा वर्षं मी सार्वजनिक जागांवर बागा करते, त्यांतल्या चार स्टेशनांवरच्या आहेत, आणि चुकीचं झाड लावल्यामुळे स्टेशनवरची बाग बुडाली असं मी फारसं पाहिलेलं नाही. ती बुडते कुणीतरी ‘स्वच्छता’ केल्यामुळे. स्टेशन ही नीटनेटकी दिसायलाच हवी अशी जागा. पाखरांना आणि किड्यांना मात्र हवी असते वाळकी काडी, कुरतडलेलं पान, बी धरलेलं गवत आणि थोडी उघडी माती. या दोन गोष्टींचा मेळ घालणं हेच तुमचं खरं काम आहे.

पहिल्या स्टेशनवर हे मला फार महागात पडलं. आम्ही तिथे कुंपणाच्या कडेने रुईची सात झुडपं वाढू दिली होती. रुईवर प्लेन टायगर जातीचं फुलपाखरू अंडी घालतं. एकेक सुटं अंडं, बहुतेक पानाच्या खालच्या बाजूला, मोहरीपेक्षाही बारीक. सुरवंट काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांचा, अंगावर काळ्या तंतूंच्या तीन जोड्या. त्या पावसाळ्यात एकेका झुडपावर पाच-सहा सुरवंट होते आणि पानांची अक्षरशः चाळण झाली होती. आम्हाला कोण आनंद. पण वरिष्ठांची पाहणी ठरली, नुकत्याच बदलून आलेल्या माणसाला ते ‘कीड लागलेलं रान’ दिसलं आणि सकाळच्या पाळीत सगळं बुंध्यापासून कापून झालं. दुपारी मी पोचले तेव्हा कापलेल्या फांद्यांच्या ढिगात एका पानाखाली हिरवट कोष लटकत होता. लहानसा, करंगळीच्या पेराएवढा, वरच्या बाजूला सोनेरी ठिपके असलेला. पान सुकून मुडपायला लागलं होतं. मी ती फांदी घरी आणली. बाकीचं सगळं गेलं.

कापणाऱ्याचा मला राग आला नाही. त्याला सांगणारं तिथे काहीच नव्हतं. फलक नाही, आखलेली कड नाही, कागदावर एक ओळही नाही.

म्हणून माझी पहिली विनंती, तोंडी होकारावर कुदळ मारू नका. स्टेशन मास्तरांची बदली होते आणि नवीन येणाऱ्याला तुमचा शब्द बांधील नसतो. एका पानाचा अर्ज करा. सोबत हाताने काढलेला नकाशा जोडा: पट्टी कुठून कुठवर, रुळांपासून आणि खांबांपासून किती अंतरावर, झाडांची जास्तीत जास्त उंची किती राखणार, पाणी कुठून घेणार, काम कोण आणि कुठल्या वेळी करणार. लेखी परवानगी येईपर्यंत महिने जाऊ शकतात. तो वेळ वाया जात नाही, कारण तेवढ्यात करण्यासारखं पुष्कळ असतं.

नकाशाचं महत्त्व खोदताना कळतं. रेल्वेच्या जमिनीखालून सिग्नलच्या, टेलिफोनच्या, विजेच्या केबल जातात. दुसऱ्या एका जागी आमच्यातल्या एकाची कुदळ दीड फुटावर विटांना लागली. जुनं बांधकाम असेल असं मी धरून चालले होते. बरोबर काम करणारे गवंडीकाका म्हणाले, ‘थांबा, या विटा ओळीत मांडल्यात, खाली केबल असणार.’ आणि होतीच. ती तुटली असती तर गाड्या अडकल्या असत्या आणि बागेचा विषय तिथेच संपला असता. तेव्हापासून माझा नियम असा: रेल्वेच्या माणसाने जागेवर येऊन चुन्याने आखून दिल्याशिवाय वितीपेक्षा खोल खणायचं नाही. आखून मिळत नसेल तर जमिनीवर विटांचे वाफे उभे करून त्यांत बाहेरची माती भरायची.

दुसरी भीती डोक्यावर असते. विद्युतीकरण झालेल्या मार्गावर वरच्या तारेत बहुतेक ठिकाणी २५,००० व्होल्टचा दाब असतो. त्या तारेला हात लागायचीही गरज नाही, नुसतं फार जवळ गेलं तरी वीज हवेतून उडी मारते. त्यामुळे त्या बाजूला लांब बांबू, लोखंडी शिडी, पाण्याचा उंच फवारा यांतलं काहीही नको. उद्या तारेपर्यंत पोचेल असं रोपही नको. रुळांच्या बाजूला गुडघ्याएवढी झुडपं आणि उंची वाढवायची तर मालधक्क्याच्या भिंतीकडे. सिग्नल, नावाच्या पाट्या, कॅमेरे, चालकाला आणि गार्डला दिसणारा फलाट, यांच्या आड एक फांदीही येता कामा नये. पानगळीचाही विचार करा. रुळावर पडलेली पानं चाकांखाली चिरडून त्यांचा गुळगुळीत थर बसतो आणि चाकं घसरतात. म्हणून मोठ्या पानांचा, एकदम झडणारा वृक्ष रुळांच्या कडेला मी कधीच सुचवत नाही.

आता मातीकडे वळू. मालधक्क्याजवळच्या मातीत काय काय मुरलेलं असतं ते वरून दिसत नाही: तेल, कोळशाची राख, लोखंडाची धूळ, सांडलेला माल. फुलझाडांना आणि झुडपांना याचा फार त्रास होत नाही, पण खायची भाजी या मातीत लावू नका. कुणाला भाजी लावायचीच असेल तर बाहेरून आणलेल्या मातीचा उंच वाफा करा, रुळांपासून लांब. आणि कुणी जुने लाकडी स्लीपर वाफ्याच्या कडेसाठी देऊ केले तर घेऊ नका. ते टिकावेत म्हणून त्यांत क्रिओसोट नावाचं डांबरी तेल मुरवलेलं असतं. उन्हात ते पाझरतं, आणि ते माणसालाही वाईट, मातीतल्या जिवांनाही.

परवानगीची वाट पाहताना एक काम करा. पट्टीवर आत्ता जे आहे ते नीट बघा. आठवड्यातून एकदा, गाडीच्या आधी दहा मिनिटं, एक वही घेऊन. कुठलं गवत आहे, कुठल्या फुलावर कोण बसतं, ऊन किती वाजता कुठे असतं, पाऊस पडल्यावर पाणी कुठे साचतं. रेल्वेच्या जागा आपण समजतो तितक्या रिकाम्या नसतात. खडीची ऊब, कोरडेपणा, माणसांची कमी वर्दळ यामुळे तिथे पुष्कळ काही आपणहून रुजतं. बर्लिनमध्ये १९५२ साली वाहतूक थांबलेल्या एका यार्डात कुणी न लावता रान उगवलं आणि आज तिथे सुमारे १८ हेक्टरचं निसर्गउद्यान आहे. जुने रूळ झाडांमधून तसेच गेलेले दिसतात. तिथेही काही भाग मुद्दाम गवताळ राखावे लागतात, नाहीतर झाडी सगळं झाकून टाकेल. तुमच्या पट्टीवर दगडीपाला, टाकळा, आघाडा, दुर्वा असं काही असेल तर ते सरसकट उपटायचं नाही. टाकळ्यावर पिवळ्या ग्रास यलो फुलपाखरांच्या अळ्या वाढतात, दगडीपाल्याच्या फुलावर छोटी निळी फुलपाखरं बसतात. काढायचं ते घाणेरी, म्हणजे टणटणी. फुलपाखरं तिच्या फुलांवर येतात म्हणून लोक ती मुद्दाम लावतात, पण ती बाकी सगळ्यांची जागा खाते. वेडेलियाची पिवळी फुलं आणि सुबाभूळ यांचंही तेच.

झाडं निवडताना मी दोन प्रश्न विचारते: यावर कुणाचं पोट भरतं, आणि यात कुणाला राहता येतं? मध पिण्यापुरती फुलं दिली तर फुलपाखरू येतं आणि जातं. सुरवंटाला खायला पान दिलं तर ते तिथे जन्माला येतं. कढीपत्ता आणि लिंबू लाइम फुलपाखरासाठी, रुई प्लेन टायगरसाठी, पानफुटी रेड पिएरोसाठी, एरंड कॉमन कॅस्टरसाठी. यांतली रुई मुलांच्या हाताला लागणार नाही अशी आत लावा, तिचा चीक डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते. एरंडाच्या बियाही विषारी असतात. बी धरायच्या आत त्याचे घोस काढणारं कुणी नेमलेलं नसेल तर एरंड नकोच.

मधासाठी अडुळसा (त्याच्या फुलात मोठे काळे भुंगे अंग घुसळत शिरतात, बघत राहावं असं), निर्गुडी, कोरांटी, तुळस. भिंतीकडे धायटी आणि मुरुडशेंग. दोन्हींच्या लाल फुलांवर शिंजीर पक्षी येतात. टोकाला करवंदाची जाळी. काट्यांमुळे तिच्यात बुलबुल आणि शिंपी निर्धास्त घरटं करतात आणि गुरंही लांब राहतात. अडुळशालाही गुरं-शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत. मोकाट जनावरं येत असतील तर सुरुवात या दोघांपासूनच करा. ही नावं कमी-मध्यम पावसाच्या, मुरमाड जमिनीला धरून आहेत. तुमच्याकडे पाऊस धो धो पडत असेल किंवा काळी चिकण माती असेल तर यांतली काही बदलावी लागतील. जवळच्या माळावर किंवा ओढ्याच्या काठी काय आपोआप वाढतं ते बघून या, त्याहून चांगली यादी मी देऊ शकणार नाही. फक्त तिथून झाडं उपटून आणू नका, बी आणा.

नर्सरीतून फुलझाडं घेताना एकेरी पाकळ्यांची घ्या. गच्च दुहेरी पाकळ्यांच्या वाणात पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. पराग उरत नाही आणि मधापर्यंत सोंडही पोचत नाही. रोपांवर कीटकनाशक मारलंय का हेही विचारा. मारलं असेल तर ज्यांना बोलावलं तेच मरतील. रेल्वे रुळांवर तणनाशक फवारते, कारण खडीत तण माजलं की पाण्याचा निचरा थांबतो. ती गरज खरी आहे. फवारणी कधी होते ते विचारून ठेवा, आणि तुमच्या पट्टीची कड तीन फूट अलीकडे घ्या.

झाडांखेरीज तीन गोष्टी लागतात, फुकट होणाऱ्या.

उघडी माती: एकेकट्या राहणाऱ्या मधमाश्यांच्या कितीतरी जाती जमिनीत बीळ करून अंडी घालतात. दोन फूट बाय दोन फूट, उन्हातली, न खणलेली, न झाकलेली जागा त्यांना पुरते. एका स्टेशनवर आम्ही अशी जागा ठेवली, तर दुसऱ्या वर्षी तिथे पेन्सिलच्या टोकाने केल्यासारखी चौदा भोकं मोजली.

वाळलेलं लाकूड आणि पोकळ काड्या: बोटभर जाडीच्या बांबूचे वीतभर लांब तुकडे घ्या, एक टोक पेराने बंद असलेले, आतलं भोक ४ ते १० मिलिमीटर. जुडी बांधून छपराखाली, सकाळचं ऊन लागेल अशी टांगा. भोकांची तोंडं मातीने किंवा कातरलेल्या पानाच्या गोल तुकड्यांनी बुजवलेली दिसली की समजायचं आत पिल्लं आहेत. ती साफ करायची नाहीत.

पाणी: डबकं किंवा तळं स्टेशनवर नको, डासांमुळे एका महिन्यात तक्रार होईल. उथळ परात, मधे दगड, पाणी इंच-दीड इंच, आणि दर दोन दिवसांनी ओतून घासून पुन्हा भरायची. डासाला अंड्यापासून उडायला उन्हाळ्यात साधारण आठवडा लागतो, त्यामुळे एवढं पाळलं तर डास होत नाहीत. परातीचं ओतलेलं पाणी दर वेळी एकाच जागी मातीत जिरवा. त्या ओलीवर फुलपाखरं चिखलपानाला बसतात, क्षार शोषून घ्यायला.

धान्य टाकू नका. पारव्यांची झुंबड उडते, फलाट घाण होतो, उंदीर वाढतात, उंदरांमागे साप येतात. चिमण्यांना सुद्धा पिल्लं वाढवताना किडेच लागतात. ते तुमच्या कुरतडलेल्या पानांवर आहेतच.

सापांचा विषय कुणीतरी काढणारच, तो टाळू नका. माणसांची वाट आणि दाट झाडी यांच्यामध्ये तीन फूट कापलेलं गवत ठेवायचं. दगडांचा ढीग करायचा तर लांबच्या टोकाला. खरकटं पट्टीत कधीच नाही, खतासाठी फक्त पालापाचोळा. सर्पमित्राचा नंबर फलकावर लिहायचा. एवढं आधीच सांगितलं की लोक शांत होतात.

दिव्यांसाठी एक विनंती करून बघा. फलाटावरचे दिवे बंद होणार नाहीत आणि होऊही नयेत. पण पट्टीकडे रोखलेला एखादा पांढरा झोत असेल तर त्याला खाली वळवून घेता येतं. पांढऱ्या-निळसर प्रकाशाकडे रात्रीचे किडे जास्त ओढले जातात आणि दिव्याभोवती फिरून दमून मरतात. पिवळसर दिव्याला ते कमी येतात.

आता नीटनेटकेपणाकडे परत येते, कारण सगळं त्यावर अडतं. पट्टीच्या पुढच्या दोन फुटांत कडक शिस्त ठेवा. चुन्याने रंगवलेल्या विटांची सरळ कड, सतत कापलेलं गवत, ओळीत कोरांटी. त्याच्या मागे हवं तेवढं रान. कड सरळ असली की मागचं रान मुद्दाम राखलंय हे येणाऱ्याजाणाऱ्याला आपोआप कळतं. फलक मोठ्या अक्षरांत, सुरवंटाच्या चित्रासह. आमच्या दुसऱ्या स्टेशनवरच्या फलकावर लिहिलंय: ‘ही पानं सुरवंटांसाठी आहेत. कृपया कापू नका.’ खाली परवानगीच्या पत्राचा क्रमांक. त्या क्रमांकामुळे दोन वेळा कापणी टळली. गवत बी धरल्यावर, मुनिया पक्षी येऊन गेल्यावरच कापायचं, तेही अर्धं आज आणि अर्धं दोन महिन्यांनी, म्हणजे आतल्यांना सरकायला जागा राहते.

माणसांबद्दल. बारा जण सुरू करतात, वर्षाने तीन-चार उरतात. हे गृहीत धरूनच बाग आखा. ६० फूट एकदम करू नका, पहिल्या वर्षी १५ फूट करा. गाडीच्या आधी सात मिनिटं असतात, म्हणून कामंही सात मिनिटांची पाडा: एक परात, एक वाफा, कचऱ्याची एक पिशवी. पाटी करून कुठल्या वारी कोण ते लिहा. आणि स्टेशनवर दिवसभर असणाऱ्यांना पहिल्या दिवसापासून बरोबर घ्या. सफाई कामगार, हमाल, तिकीट खिडकीवरचे लोक. तुम्ही दिवसातून दहा मिनिटं असता, ते आठ-आठ तास. आमच्याकडच्या सफाई करणाऱ्या मावशींनीच दाखवलं की वारा फलाटावरचं सगळं प्लॅस्टिक एकाच कोपऱ्यात आणून टाकतो. तिथे जाळी लावली आणि बागेतला निम्मा कचरा थांबला. झाडलेली पानं त्या आता जाळण्याच्या पेटीऐवजी आमच्या जाळीच्या पिंपात टाकतात आणि त्याचंच आच्छादन होतं.

पाणी हा शेवटचा आणि सगळ्यात कठीण भाग. लागवड पहिले दोन चांगले पाऊस पडून गेल्यावर करा, म्हणजे मुळं धरायला पूर्ण पावसाळा मिळतो. पहिला उन्हाळा मात्र हाताने पाणी देऊनच काढावा लागतो, आठवड्यातून दोनदा, बुंध्याशी, संध्याकाळी. दोन-तीन इंच पाचोळ्याचं आच्छादन असेल तर ओल टिकते. फलाटाच्या छपराचं पाणी साठवायची परवानगी मिळत असेल तर जरूर मागा. १०० चौरस मीटर छपरावर २० मिलिमीटर पाऊस पडला की २,००० लिटर पाणी होतं, थोडं वाया गेलं तरी मोठं पिंप भरतं. पिंपाला घट्ट झाकण आणि बारीक जाळी हवीच, डासांसाठी. दुसऱ्या उन्हाळ्यानंतर वर सांगितलेली झुडपं बऱ्याच अंशी आपली आपण तगतात.

तेव्हा आधी अर्ज आणि वही, मग केबलची आखणी, मग कड आणि फलक, मग पावसाबरोबर १५ फुटांची लागवड, या क्रमाने जा. फलक रोपांच्या आधी लावा, नंतर नको.

तुमच्याकडून तीन गोष्टी कळल्या तर झाडांची यादी नेमकी करून देईन: मालधक्क्याच्या भिंतीचं तोंड कुठल्या दिशेला आहे, जवळचा नळ पट्टीपासून किती पावलांवर आहे, आणि या आठवड्यात पट्टीवर आपोआप उगवलेलं काय काय दिसतंय. फोटो काढताना पानांची खालची बाजूही घ्या.